टाकी कोरडी आहे

अठरा वर्षं गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, आणि तिला हात न लावण्याची कारणं मामाकडे काही कमी नव्हती. कधी वेळ नाही, कधी सुटे भाग मिळत नाहीत, कधी कंबर धरलीय. खरं कारण एकच होतं आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. टाकी उघडायची त्याला भीती वाटायची.

झालं होतं असं. आईचं जास्त झालं तेव्हा ताईचा फोन आला, "असशील तसा नीघ." मामा याच गाडीने निघाला. अर्ध्या वाटेत गाडीने दोन आचके दिले आणि बसकण मारली. बघतो तर पेट्रोलचा काटा शून्यावर. मागून येणाऱ्या ट्रकला हात करून तो कसाबसा पोचला, तोवर आई गेली होती.

"पेट्रोल संपलं गं वाटेत," तो दारातच म्हणाला.

"दर शनिवारी भरतोस, आणि नेमका याच शनिवारी विसरलास?" ताई म्हणाली.

"भरलं होतं."

"मग गेलं कुठे?"

दुकान बंद केलं की टाकी भरायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. पण नेमाने केलेली गोष्ट वेगळी आठवत नाही. सगळे शनिवार सारखेच. भरलं होतं असं तो छातीठोकपणे सांगायचा खरा, पण आतून त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. दोरीने ओढत आणलेली गाडी त्याने शेडमध्ये लावली ती लावलीच. टाकी बंद होती तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. ताई यायची जायची, बोलायची, चहा घ्यायची, पण आईचा विषय निघाला की दोघंही खिडकीबाहेर बघायची.

आणि आता ताईचीच मुलगी, अंगात निळा डगला घालून, त्या गाडीखाली आडवी झाली होती. भाचीचं स्वतःचं गॅरेज होतं आणि जुन्या गाड्यांचं तिला वेडच. महिनाभर तिने मामाचं डोकं खाल्लं. शेवटी तो "कर बाई काय करायचं ते" म्हणाला आणि लगेच पस्तावला. गाडी ढकलून अंगणात आणली तेव्हा ताईही आली होती. ती आत मामीशी बोलत बसली.

"आधी चालू करून बघू या का?" मामाने विचारलं. टाकीचा प्रश्न टळला तर बरं, एवढाच त्यातला हेतू.

"भलतंच काय. जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं, ते इंजिनात गेलं की बसा बोंबलत. टाकीत किती असेल रे?"

मामा ताडपत्रीची घडी घालू लागला. "टाकी कोरडी आहे."

"मग ही पुरेल," म्हणत भाचीने एक जुनी परात खाली सरकवली आणि टाकीच्या तळाचा बोल्ट सोडला.

आधी काहीच आलं नाही. मामाचा जीव टांगणीला लागला. तिने तारेने जरा खरवडलं, आणि तपकिरी, घाण वासाची धार परातीत पडली. पडली ती थांबेना. परात भरली.

"मामा, बादली आण. अरे पळ."

मामा साठीचा माणूस, पण पळाला. एक बादली भरली, दुसरी भरली. तिसरी लावताना त्याने अर्धं पेट्रोल चपलेवर सांडलं. सांडेना का. त्याला रडू येत होतं आणि हसूही, आणि तो नुसता "भरलं होतं, भरलं होतं" एवढंच म्हणत होता.

"हो रे, दिसतंय की," भाची म्हणाली. तिला बिचारीला कशाचाच पत्ता नव्हता. "थोडंफार उडून गेलं असेल, तरी एवढं आहे. पण ही नळी बघ. बाहेरून धडधाकट आणि आतून फुगून पार बंद. फुंकून बघ, वारासुद्धा जात नाही. टाकी भरलेली आणि इंजिन उपाशी." मग तिने टाकीतला, पेट्रोलवर तरंगून काटा हलवणारा फ्लोट काढून कानाशी हलवला. आत डुचमळलं. "ह्याला भोक पडलंय. हा बुडाला म्हणून काटा शून्यावर बसला."

मामा मट्कन पायरीवर बसला. आयुष्यभर त्याने वाण्याबकालांचे वजनकाटे दुरुस्त केले, काट्यावर जाऊ नका असं जगाला सांगितलं, आणि स्वतःच्या गाडीचा काटा मात्र वेदवाक्य मानला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

वासाने ताई नाकाला पदर लावून बाहेर आली. तिने बादल्या बघितल्या, मामाकडे बघितलं, आणि पदर तसाच धरून आत गेली.

पुढचे दहा दिवस भाचीने गंज सुटावा म्हणून टाकीत मूठभर नट घालून ती खळखळ धुतली, कार्बोरेटरची बारीक भोकं साफ केली, नळ्या बदलल्या, पंपाचा फाटका पडदा नवा घातला. अकराव्या दिवशी ताजं पेट्रोल ओतून मामाने किल्ली फिरवली. गाडी खोकली, धूर सोडला, आणि चौथ्या खेपेला सुरू झाली. भाची टाळ्या पिटत हात धुवायला गेली.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडून ताई शेजारी बसली.

"मला तेव्हाच माहीत होतं, तू भरलं असणार," ती समोर बघत म्हणाली. "तू विसरणारा नाहीस. पण आई गेली, आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं."

"मग नंतर सांगायचंस ना गं. मला स्वतःलाच खात्री नव्हती."

ताईने चमकून त्याच्याकडे बघितलं. हे तिला नवीन होतं.

"अठरा वर्षं?"

"अठरा वर्षं."

तिने डोळे पुसले. "पहिल्या वर्षी सांगायला जीभ रेटली नाही. मग लाज वाटायला लागली. रागाव माझ्यावर, चालेल मला."

मामाने रागावून बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. अंगातून काहीतरी जड उतरून गेलं होतं आणि रागवायला लागणारा जोरही त्याच्याबरोबर गेला होता.

"दार नीट लाव," तो म्हणाला. "वळणावर उघडतं ते." आणि त्याने गाडी फाटकाबाहेर काढली.