उतरणीचे नकाशे

जैनुद्दीन लढाईवरून परत आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत काय असेल याचे अंदाज सगळ्या तिसगावाने आधीच बांधून ठेवले होते. कुणी घड्याळ म्हणत होतं, कुणी विलायती ब्लँकेट. शेजारच्या छबूबाईने तर सोन्याची साखळीच ठरवून टाकली होती. ट्रंक उघडली तेव्हा निघाले दोन गणवेश, एक ॲल्युमिनियमचा डबा आणि मेणकापडात गुंडाळलेले दहा-बारा रंगीत कागद. त्याच्या आईने, चांदबीने, कागद उलगडून पाहिले. प्रत्येकावर पांढरे डोंगर, आणि डोंगराच्या टोकापासून पायथ्यापर्यंत ओढलेल्या तांबड्या, निळ्या, काळ्या रेघा.

हे काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आमची पलटण होती त्या इटलीत बर्फाच्या डोंगरावर लोक चढतात, पायांना लांब फळ्या बांधतात आणि घसरत खाली येतात. कुठून घसरायचं ते या नकाशांत दाखवलेलं असतं. खाली आल्यावर काय करतात, हेही तिने विचारून घेतलं. पुन्हा वर जातात, तो म्हणाला.

एवढ्या उत्तरावर गावाने त्याचा निकाल लावून टाकला. तोफांच्या आवाजाने बाबाजान पिंजाऱ्याच्या पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. शहाणीसुरती माणसं फळ्या बांधून डोंगरावरून पडतात आणि परत पडायला वर जातात, हे कोण खरं मानणार? जैनुद्दीन लढाईचं काही बोलत नव्हता, बोलायचा तो फक्त या कागदांबद्दल. बापाला तर ते कागद डोळ्यासमोर नको झाले होते. कारण मिरजगावच्या गनीभाईंची सकीना त्यांनी सून म्हणून हेरली होती, आणि गनीभाई मुलगा बघायला पुढच्या आठवड्यात येणार होते. तोवर कागद ट्रंकेत घाल आणि वर कुलूप लाव, असं त्यांनी चांदबीला बजावलं.

चांदबीला ते पटलं नाही. एक तर झाकून ठेवलं की लोक जास्तच बोलणार. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, तिला स्वतःलाच ते डोंगर पाहायचा सोस लागला होता. नमाज झाला की ती एक कागद मांडीवर घ्यायची आणि रेघेवरून बोट फिरवत खाली यायची. लढाईवरून पोरगं हेच का घेऊन आलं, याचा छडा तिला लावायचा होता. विचारलं की तो हसून उठून जायचा.

मग तिने ठरवलं, कागद मांडायचे. लाजून लपवण्यासारखं त्यांत काही नाही, हे पाहुण्यांना आल्या आल्या दिसू दे. पण मांडायचे कसे? तिने भिंतीला लावायला खळ शिजवली, तर जैनुद्दीनने कागद हातातून काढून घेतला. खळ नको, खिळा नको, भोक तर मुळीच नको. चांदबीला राग आला, पण तिने खळ शेजारी देऊन टाकली आणि डोकं चालवलं. कापूस पिंजायच्या कमानीची जुनी तात पडून होती. आतड्याची ती दोरी तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधली. ज्वारीचं धाट चिरून त्याचे चिमटे केले आणि त्यांत कागद अडकवले. एक सुपात तिरका ठेवला, त्यामुळे डोंगर खरंच उतरता वाटू लागला. सगळ्यात लांब कागद तिने धान्याच्या कणगीभोवती गुंडाळून वरून सुतळी बांधली. कणगीला फेरी घातली की डोंगरालाही फेरी व्हायची. बाबाजान म्हणाले, आता घरात जोंधळा शोधायला नकाशा लागणार. पण त्यांनीही कुणी बघत नाही असं पाहून एक फेरी घातलीच.

दुसऱ्या दिवशी छबूबाई गादीचा कापूस पिंजायला घेऊन आली आणि दारातच थबकली. डोंगर, आणि त्यावरून खाली पळणाऱ्या रेघा. पाण्यासाठी तीन-तीन शेतं तुडवणाऱ्या बाईला त्यात दुसरं काय दिसणार? प्रवरेकडं आलाय तसा आपल्याकडं पाट येणार, आणि पलटणीतून जैनूने त्याचे नकाशे आणलेत, हे तिने घरी जाऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिचा नवरा श्रीमंत पाच-सहा जणांना घेऊन हजर. तांबडी रेघ आपल्या बांधावरून जाते की निळी, यावर कणगीभोवती वाद जुंपला. जैनुद्दीन पुन्हा पुन्हा घसरण्याचं सांगत होता आणि ते एकमेकांना डोळ्यांनी खुणावत होते, की सरकारी गुपित आहे, पोरगा फोडणार नाही. आठवडाभरात वेडा जैनू गावात मोठा माणूस झाला.

बाबाजानना हे फार सोयीचं वाटलं. चांदबीला ते खोटं खुपत होतं, पण तिनेही कुणाला हटकलं नाही. पोराचं लग्न होत असेल तर आपण कशाला मधे पडा?

गनीभाई आले. धान्याचे व्यापारी, शिवाय मिरजगावात कोरडवाहू जमीन. चहा घेता घेता त्यांची नजर तातीवरून फिरत होती. येताना बाजारात त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. त्यांनी सरळ विचारलं, पाटाचे नकाशे ते हेच का.

जैनुद्दीन तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाजान म्हणाले, "व्हय, हेच. पोरगा पलटणीत नकाशाच्या कामावर हुता."

जैनुद्दीनची मान खाली गेली. आतल्या दारातून चांदबीने ती मान पाहिली. लोक वेडा म्हणत होते तेव्हाही ती अशी खाली गेली नव्हती. उद्या सकीना या घरात येईल, आणि पाट काही येणार नाही. चांदबीला राहवेना. पदर पुढे ओढून ती पाहुण्यांसमोर बाहेर आली, जे तिने उभ्या जन्मात केलं नव्हतं.

"न्हाई, भाईसाब," ती म्हणाली. "ह्यो पाट न्हाई. बर्फावरून मानसं घसरत्यात, त्या वाटा हायेत. ऐकायला खुळ्यागत वाटतं, पन खरं हाय. दाखवते."

कोपऱ्यात छबूबाईचा पिंजलेला कापूस होता. चांदबीने पोत्यावर त्याचा ढीग रचला, पाहुण्यांच्या ताटलीतली एक खारीक उचलली आणि ढिगाच्या टोकावरून सोडली. खारीक जागच्या जागी कापसात गडप झाली. बाबाजाननी डोळे मिटून घेतले. चांदबी रडकुंडीला आली.

जैनुद्दीन उठला. टोपलीच्या दोन गुळगुळीत कामट्या काढून त्याने दुसऱ्या खारकेखाली दोऱ्याने बांधल्या आणि ती ढिगावर ठेवली. खारीक बुडाली नाही. त्याने बोटाने जरा ढकललं. ती सरकत, अडखळत, पायथ्याला येऊन थांबली. गनीभाई पुढे वाकले आणि त्यांनी ती स्वतः पुन्हा वर ठेवली. दोनदा खाली आणल्यावर त्यांनी विचारलं, की हे ठीक, पण एवढ्या लांबून हेच का आणलं?

जैनुद्दीन बराच वेळ कामट्यांचा दोरा सोडत राहिला.

"आमाला पन नकाशे द्यायचे," तो म्हणाला. "डोंगर आन् रेघा. पन त्यातल्या रेघा वर जायच्या. त्या रेघंनं जे वर गेले, त्यातले लई जन खाली आलेच न्हाईत. मला गोळी लागली, तवा इस्पितळ केलेल्या एका हाटेलात ठेवलं. तिथं हे पडले हुते. त्यात सगळे खाली येत्यात. हसत."

चांदबीने तातीवरच्या नकाशांकडे पाहिलं. एवढे दिवस ती ज्या रेघांवरून बोट फिरवत होती, त्या तिला आत्ता कळल्या. बाबाजान पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत होते. आपण पाहुण्यांसमोर खोटं बोललो, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

गनीभाईंनी सुपातला नकाशा जवळ ओढला. उन्हाळ्यात त्या बर्फाचं काय होतं, असं त्यांनी विचारलं. पाणी होतं, जैनुद्दीन म्हणाला. ते कुठून खाली येतं? जैनुद्दीनने कागदावरच्या रेघांकडे पाहिलं. बरंचसं तिथूनच, असं त्याला कबूल करावं लागलं.

"मग तुमचे अब्बा काय खोटं न्हाई बोलले," गनीभाई म्हणाले. "जरा लवकर बोलले." आणि बाबाजानकडे न बघता त्यांनी चहाचा दुसरा कप मागितला.

निघताना ते दारात घुटमळले. यातला एखादा मिळेल का, सकीनाला दाखवायचा आहे. लढाईवरून आलेला माणूस कसा असेल, म्हणून पोरगी घाबरली आहे, असं त्यांनी खालच्या आवाजात चांदबीला सांगितलं. ज्याने आजवर कागदाला टाचणीसुद्धा लावू दिली नव्हती, तो जैनुद्दीन कणगीकडे गेला, सुतळी सोडली आणि सगळ्यात लांब डोंगर गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

"भिंतीला लावायचा असंल तर लावा म्हनावं," तो म्हणाला. "खिळा मारला तरी चालंल."