लाँड्रीत हलवलेले पेशंट

प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या तपासणीची तारीख ठरली आणि इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना एकाएकी पेशंटांचा पुळका आला. वॉर्डाला रंग लागला. तो वाळायच्या आत भिंतींवर 'हात धुवा' अशा पाट्या चढल्या आणि पाट्यांखाली नवी बेसिनं बसली. पाण्याचा पाइप काही वेळेत आला नाही, पण नळ लखलखीत होते.

मग रंगीत तालीम झाली. तपासनीस कोण, तर खुद्द मोठे डॉक्टर. नर्सेस, आया, वॉर्डबॉय, सगळ्यांनी पोपटासारखी उत्तरं दिली. घोडं अडलं ते फिजिशियनपाशी. माणूस हुशार, पण फाटक्या तोंडाचा.

"एका पेशंटला किती वेळ देता?"

"खरं सांगू?"

"नको. वीस मिनिटं म्हणायचं."

"वीस मिनिटांत माझा अख्खा वॉर्ड होतो, वर चहाही होतो."

मोठ्या डॉक्टरांनी हेड सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर इस्पितळात जन्म काढलेली बाई. ती म्हणाली, "तक्रारखोर पेशंटांना त्या दिवशी मागच्या जुन्या लाँड्रीत ठेवायचं ठरलंय ना? यांनाही तिथेच पाठवू. लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच."

तपासणीच्या सकाळी चार खाटा लाँड्रीत गेल्या. त्यातली एक मास्तरांची. शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ उठून उभे राहिले की चक्कर येऊन पडायचे, आणि पडले की ज्याची चूक त्याला शुद्ध मराठीत सांगायचे. त्यांची सून औषधांची पिशवी सांभाळत शेजारी बसली.

फिजिशियनने थोडा वेळ मोबाइल पाहिला. जाड भिंतींच्या आत रेंज नव्हती. मग तो येरझाऱ्या घालू लागला. शेवटी नाइलाजाने मास्तरांच्या खाटेवर टेकला.

"काय होतंय?"

"हे तुम्ही मला आज पहिल्यांदा विचारताय," मास्तर म्हणाले. "रोज 'बरं आहे ना' म्हणता आणि माझं उत्तर यायच्या आत पुढच्या खाटेशी असता."

फिजिशियनने त्यांचा रक्तदाब झोपवून मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहताच आकडा धाडकन खाली आला. त्याने सुनेची पिशवी खाटेवर पालथी केली आणि एकेक पाकीट वाचू लागला. रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी चालू होती. एक हृदयविभागाने दिलेली. दुसरी त्याने स्वतःच.

"म्हणजे यांना दुप्पट डोस जात होता?" सुनेने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "आणि एक गोळी माझी आहे." त्याने ती कागदावरून खोडून बंद केली. मग त्याने स्टूल ओढलं आणि उरलेल्या तिघांनाही तसंच निवांत तपासलं. कुणी हाक मारायला येत नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती.

तिकडे वॉर्डात मास्तरांच्या जागी मोठ्या डॉक्टरांचा मेहुणा झोपला होता. तपासनिसांनी त्याला विचारलं, "इथे काही त्रास?"

"छे. घरापेक्षा सुख आहे," मेहुणा म्हणाला. दिवसभरात तेवढं एक वाक्य त्याने मनापासून म्हटलं. दुसऱ्या तपासनिसाने नळ फिरवला. पाणी आलं नाही. "पाण्याची बचत," मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि तपासनिसांनी माना डोलावल्या.

इस्पितळ पास झालं. 'डॉक्टर पेशंटांना भरपूर वेळ देतात' असा खास शेराही मिळाला. हार-तुरे झाले, मोठ्या डॉक्टरांचं भाषण झालं. त्यात लाँड्री अर्थातच नव्हती. फिजिशियन मागच्या रांगेत बसून नखं पाहत होता. दुसऱ्या दिवसापासून तो मास्तरांच्या खाटेशी जरा जास्त थांबू लागला, पण वॉर्डात पन्नास पेशंट होते आणि तो एकटा. आठवडाभरात तो परत होता तसाच झाला.

मास्तर मात्र चार दिवसांतच कुणाचा हात न धरता जिना उतरून घरी गेले. सून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत निरोप घ्यायला आली. त्यांनी हसून तिला खुर्ची दिली. अशी माणसं भेटली की प्रमाणपत्राला शोभा येते.

"साहेब, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "पुढची तपासणी कधी आहे? माझ्या आईलाही दाखवायचंय."