क्लच काढायचा नाही

मिस्त्री "काप" म्हणाले, तेव्हाच त्यांच्या बायकोच्या, बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

चाळीस वर्षं या माणसाने त्या लाल, दोन सीटांच्या बुटक्या गाडीला एक परका स्क्रू लावू दिला नव्हता. भंगारातून उचलून आणलेली गाडी, पण मिजास अशी की लग्नाच्या बायकोची काय असेल! एकदा एका शहाण्याने हिला नवा कार्बोरेटर लावा म्हणून सुचवलं, तर मिस्त्रींनी त्याला गॅरेजच्या दारापर्यंत पोचवून दिलं होतं. "दुसरी गाडी घ्या. हिला कशाला बाटवता?" आणि आज मुलगा म्हणाला, इंजिन उतरवलंच आहे, गिअरबॉक्सही खाली आहे, तर ऑटोमॅटिकच बसवू, त्यावर मिस्त्रींनी मान वर न करता म्हटलं, "काप."

कापायचा होता तो दोन सीटांमधला पत्रा. नवा गिअरबॉक्स जाड, जुन्या जागेत मावणारा नव्हता. मागच्या चाकांकडे जाणारा दांडाही आखूड करावा लागणार होता. एकदा कापलं की मागे येणं नाही.

"दोन वर्षं बाबा या खुर्चीत बसून आहेत," मुलगा म्हणाला. अर्धांगाच्या झटक्यात मिस्त्रींचा डावा पाय लुळा पडला होता, डाव्या हाताची मूठही धड वळत नव्हती. "क्लच नसला की डाव्या पायाचं कामच नाही. एका हाताने, एका पायाने चालवतील. बाहेर पडतील."

"घाई कसली आहे पण?" बाई म्हणाल्या.

"तुला नकोच असतं त्यांनी बाहेर पडलेलं."

बाईंच्या जिभेवर चार उत्तरं होती. पण मिस्त्री बायकोकडे बघायचं टाळत होते, ते त्यांना जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा इंजिनाचा ब्लॉक घेऊन लेथवाल्याकडे गेला. जाताना पत्र्यावर खडूने रेघा मारून गेला. मिस्त्री म्हणाले, "तोवर ब्रेकची हवा काढून टाकू. नवे रबर घातलेत."

हे काम दोघांनी मिळून शेकडो गाड्यांवर केलं होतं. बाई सीटवर बसून ब्रेक दाबायच्या, मिस्त्री चाकाशी उकिडवे बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करायचे. शाळेत बाई दुसरीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण पाना कुठे किती फिरवायचा हे त्यांना शिकवायला कोणी लागत नव्हतं. आता मिस्त्रींना उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून कामाची उलटापालट झाली. बाईंनी त्यांना धरून सीटवर बसवलं, डावा पाय उचलून आत ठेवला. उजवा त्यांनी स्वतःच घेतला, गुडघ्यापाशी पँट धरून.

बाई चाक काढलेल्या जागी खोक्यावर बसल्या. निपलला नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं.

"पंप करा."

"केला."

"धरा."

"धरलाय."

बाईंनी निपल सैल केला. नळीत तेलाचा थेंब आला नाही, बुडबुडाही नाही. त्यांनी तो पूर्ण काढला, फुंकून पाहिला. मोकळा होता. परत लावला.

"जोर लावा की! जेवला नाहीत का?"

"अगं, पार तळाला नेलाय!"

बाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दारातून आत वाकल्या. मिस्त्रींचा उजवा बूट ॲक्सिलरेटरवर होता. तळाला, खरंच. ब्रेक बाजूला तसाच मोकळा. मिस्त्री काचेतून समोर बघत होते, ज्याचं काम चोख चाललंय अशा माणसाचा चेहरा करून.

हातातल्या पान्याचं टोक बाईंनी बुटाच्या वर, घोट्याला टेकवलं. मग रुतवलं. मोज्यावर खळगा पडला.

"झालं का?" मिस्त्री समोर बघतच म्हणाले.

"कधीपासून?"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. पाना पाहिला. बराच वेळ त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

"रक्तातल्या साखरेनं केलं. आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत."

"डॉक्टरला सांगितलं?"

"तो काय म्हणणार? बसा म्हणेल. बसलोच आहे." मग घाईने, "पायाकडे बघून दाबला की बरोबर पडतो."

"रस्त्यावर पायाकडे बघून हाकणार?"

"वळणापर्यंत जाईन फक्त. एकदाच."

"वळणावर शाळा आहे."

"मग इकडून जाईन."

"इकडे काय दगड राहतात?"

मिस्त्रींनी एकच हात वर केला, दुसरा उठत नव्हता म्हणून, आणि तो अर्धा नमस्कार छातीशी धरून ठेवला. "पोराला सांगू नकोस. तुझं काय ते तू कर, पण त्याला सांगू नकोस. त्याच्यासमोर अजून मी अर्धा तरी आहे."

या माणसाने कुणापुढे हात जोडलेले बाईंनी आजवर पाहिले नव्हते.

मुलगा कटर घेऊनच परतला.

"पत्रा कापायचा नाही," बाई म्हणाल्या. "जुनाच गिअरबॉक्स बसेल. क्लच काढायचा नाही."

"बाबांनी हो म्हटलंय."

"मी नाही म्हटलंय."

"बाबा, सांगा ना हिला!"

मिस्त्री फडक्याने बोटं पुसत होते, स्वच्छ होती तरी. "ती म्हणते तसं कर."

"जन्मभर हिचंच चाललं!" मुलाने कटर टेबलावर आपटला. "पत्र्याचा पुळका आहे तुला, माणसाचा नाही. खुर्चीत बसलेला नवरा बरा, धाकात राहतो!"

बाईंना कोणी असं बोललं तर त्याच्या सात पिढ्यांची उजळणी होत असे. आज त्या म्हणाल्या, "हो, तसंच समज," आणि पान्यावरचं तेल पुसायला वळल्या.

महिन्याने इंजिन बसलं. चावी फिरवली तशी गाडी गुरगुरली आणि गॅरेजचे पत्रे थरथरले. मुलगा एकटाच फेरी मारून आला. आईशी तो कामापुरतंही बोलत नव्हता, घास गिळून उठत होता.

"हे तुम्ही चालवायला हवं होतं, बाबा," तो खुर्चीशी येऊन म्हणाला. "पण काय करणार!" आणि आईकडे बघून त्याने तोंड फिरवलं.

बाई थांबल्या. मिस्त्रींनी आत्ता तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं.

"इंजिनात टॅपेट वाजतायत," मिस्त्री म्हणाले. "उद्या बघून घे."

मग त्यांनी बाईंकडे हात केला. बाईंनी बगलेत खांदा देऊन त्यांना उठवलं. मुलगा बघत होता, म्हणून मिस्त्रींनी उजवा पाय जोमाने पुढे टाकला, नजर मात्र पायावरून हलवली नाही. बाई मुद्दाम रेंगाळत चालल्या आणि मोठ्याने करवादल्या, "खाली बघून चाला, पाने पसरून ठेवलेत पोरानं!"