राहिलेली छत्री

बाबांनी रंधा आडवा ठेवला, पात्यात अडकलेली ढलपी नखाने ओढून काढली आणि विचारलं, "उठला का?"

"कोण?" मुलीने स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"भाचा."

भाचा म्हणजे त्यांच्या फर्निचरच्या कारखान्याचा सॉफ्टवेअर एजंट. खरेदीची बोलणी तो आपली आपणच करायचा. एजंट म्हटलं की बाबांना विमा विकणारा आठवे, म्हणून त्यांनी त्याचा भाचा करून टाकला होता. लाकूडवाल्यांकडेही तसाच एक होता. तो पुतण्या.

"घासाघीस चाललीय अजून," मुलगी म्हणाली.

भिंतीशी वाचनालयाची निम्मी टेबलं उभी होती. उरलेली निम्मी त्याच मुरलेल्या अक्रोडाची हवी होती, आणि ते लाकूड एकाच वखारीत शिल्लक होतं. संध्याकाळपर्यंत सौदा झाला नाही तर ते दुसऱ्याला जाणार होतं. वाचनालयाचं काम हातचं गेलं तर कारखाना भाड्याने द्यायचा, हे घरात ठरलं होतं. मोठ्याने कुणी म्हणत नव्हतं इतकंच.

भाचा: दर जास्त आहे.
पुतण्या: माल मुरलेला आहे.
भाचा: तरी जास्त आहे.
पुतण्या: थोडं खाली येतो. याच्या खाली नाही.
भाचा: परवडत नाही. राहू द्या.
(भाचा बोलणी सोडून गेला.)

"उठला!" मुलगी ताडकन उभी राहिली. "बाबा, हे तुमचं शिकवणं! तिसऱ्यांदा नाही जमलं की उठायचं, म्हणे!"

"बरोबरच आहे. गरज तोंडावर दिसली की संपलं."

"पण आपल्याला गरज आहे!"

"म्हणूनच तर उठायचं."

कोपऱ्यातून पॉलिशवाला म्हणाला, "ताई, भाच्याला सांगा, मामाचा कारखाना बुडतोय."

कुणी हसलं नाही. बाबा दाराकडे बघत राहिले, जणू तिकडून कुणी येणार होतं.

आलं ते स्क्रीनवर. भाच्याने लाल चौकटीत विचारलं होतं: समोरून विषयाशी संबंध नसलेला संदेश आला आहे. फसवणूक असू शकते. बोलणी कायमची बंद करू? खाली तो संदेश होता.

मिस्त्री, छत्री राहिली तुमची.

"हे काय आता?" मुलीचं बोट 'हो'कडे गेलं.

"थांब."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. सदऱ्यावर भुसा होता. चष्मा होता त्याहून मळला. तो तसाच डोळ्यांवर चढवून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

(वखारीचे मालक, काका, वारल्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून बाबांनी वखारीत फोनही केला नव्हता.)

"तुमची छत्री राहिलीय तिकडे?" मुलीने विचारलं.

"माझ्याकडे कधी छत्रीच नव्हती. भिजत यायचो. तुझी आई दारातच ओरडायची."

"मग?"

"मग काय. दर जमला नाही की मी उठायचो. फाटकापर्यंत जायचो, जरा हळूच. तुझ्या काकाने हाक मारली तर तो हरला. मी आपणहून वळलो तर मी हरलो. तेवढ्यात हा आतून ओरडायचा, मिस्त्री, छत्री राहिली तुमची! छत्रीसाठी वळलं तर कुणीच हरत नाही."

"आणि ती छत्री?"

"छत्री कुठली? एरवी खोटं बोलवायचं नाही त्याला. फळीला गाठ असली तर आधी तीच दाखवायचा. आयुष्यात तेवढी एक थाप."

"पण पुतण्याला कसं कळलं?"

"माझे गुडघे गेल्यावर सगळं फोनवर चालायचं. मी फोन ठेवला की याचा परत फोन. छत्री राहिली. फोनवर कसली राहतेय छत्री! पण म्हणायचा. त्याच्या पोरांनी तेच रेकॉर्ड झालेले फोन ऐकवले असतील पुतण्याला."

मुलगी खुर्चीत बसली. "मग हे भाच्याला का नाही सांगितलंत? जायचं तेवढं शिकवलंत, परत यायचं नाही."

"हाक त्यांची असते. ती आपण कशी शिकवणार?"

"बरं, आता काय लिहू?"

"येतो, म्हण. मग तो दर सांगेल. तो शेवटचा. त्यावर मी अक्षर काढायचं नाही, आणि त्यानेही असाच सांगायचा की काढावंसं वाटू नये."

"दर न ऐकता आधीच हो?" तिने स्क्रीन थोडी लांब सारली. "बाबा, काका नाहीत तिथे. ते मशीन आहे. काकांसारखं बोलतंय. वागेलही तसंच, कशावरून?"

बाबांनी रंधा हातात घेतला, त्याच्या लाकडी मुठीवरून अंगठा फिरवला.

"त्याने पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं?"

मुलीने भाच्याला बाजूला केलं आणि स्वतः टाइप केलं. येतो.

उत्तर लगेच आलं, मघाच्यापेक्षा बराच खालचा दर. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि स्क्रीन बाबांकडे वळवली. त्यांनी पाहिलं नाही.

"भाचा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, अजून घासाघीस करता येईल."

"गप्प बस म्हणावं."

तिने होकार पाठवला. मग ती उठून टेबलांपाशी गेली आणि उगाचच एका फळीवरून हात फिरवत राहिली.

लाकूड दुसऱ्या दिवशी आलं. ऊन चांगलं होतं. सगळ्या फळ्या उतरल्यावर ड्रायव्हर पुन्हा केबिनमध्ये चढला आणि एक लांब काळी छत्री घेऊन खाली आला.

"ही मिस्त्रींना द्यायचीय. सामानाबरोबर पाठवा, असं मशीननेच सांगितलं. धाकट्या शेटना वाटलं, बिघडलं मशीन. पण शोधली तर गल्ल्यामागे खिळ्याला खरंच होती."

"कुणाची तरी राहिली असेल," मुलगी म्हणाली.

"नाही हो ताई. मोठे शेट कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. धो धो पावसातसुद्धा. मिस्त्रींची आहे, म्हणायचे."

बाबांनी छत्री हातात घेतली. कापडाच्या घड्यांवर धूळ बसली होती. पट्टीचं बटण लावलेलंच होतं. त्यांनी ते काढून पाहिलं. आत धूळ नव्हती. घड्या दुकानातून आणल्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

"तुमचीच ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"माझीच," बाबा म्हणाले. "विसरलो होतो."