वनू आवाजाला वळते

वनू सातव्या महिन्यातच जन्मली, सव्वा किलोची. मावला गावातल्या त्या घरात मग कुणाला धड घास गिळवेना की झोप येईना. आणि घ्या, काचेच्या पेटीत बरी वाढत होती, तर नवव्या दिवशी रक्तात जंतू शिरले. कुठून? घरून नाही हो, तिथूनच! दवाखान्यातलेच जंतू, नळ्या-सुयांमधून गेलेले. जबर औषधं देऊन डॉक्टरांनी पोर वाचवली आणि घरी सोडताना वनूच्या आईला, पद्मजाला बजावलं, "रोगानं म्हणा, औषधानं म्हणा, अशा बाळांचे कान जाऊ शकतात. तीन महिन्यांची झाली की हैदराबादला नेऊन तपासून घ्या."

पोर तेरा महिन्यांची झाली तरी हैदराबाद काही घडलं नव्हतं.

घडणार कसं? पद्मजानं विषय काढला की सासूबाई, द्वारकाबाई, वनूला मांडीवर घेत, पितळी थाळी तिच्या पाठीमागे धरत आणि उलथन्यानं ठाणकन वाजवत. वनू दचके, मान फिरवून पाही. "पाह्य! आयकते का नाही? पोरीच्या मांगं काऊन लागली तू?" नवरा हेमचंद्र तालुक्याच्या मंडल कचेरीत कारकून, आईच्या शब्दाबाहेर जाईल तर शपथ. "आयकते ना ते," म्हणायचा आणि सायकल काढायचा.

पण पद्मजाचं मन तिला खात होतं. नावानं हाक मारली तर वनू ढिम्म. भांडं पडलं तरी ढिम्म. मग थाळीलाच बरी वळते? कधी वाटे, आपणच वेड्या. कधी वाटे, आपण हातावर हात धरून बसलोय आणि पोरीचे दिवस चाललेत.

एका मंगळवारी दुपारी तिनं वनूला अंगणात गोधडीवर बसवलं, हातात रिकामा डबा दिला. आपण मागे चार पावलांवर, सावली पडणार नाही अशा बेतानं उभी राहिली आणि थाळी वाजवली. वनू डब्याचं झाकण चाटत होती. पुन्हा वाजवली. मग वाजवतच सुटली. शेजारची भागाबाई कुंपणाशी आली, कुत्री भुंकायला लागली, पण वनूनं मान म्हणून वळवली नाही.

पिठाच्या हातांनी द्वारकाबाई बाहेर आल्या. आता या ओरडणार, असं पद्मजाला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. ओट्यावर मटकन बसल्या.

"मले ठाव होतं," त्या म्हणाल्या.

"काय ठाव होतं?"

"थाळी वाजवली का मीच मांडी हालवत जाओ. म्हून दचके थे."

पद्मजाच्या हातून थाळी सुटली. "काऊन, आत्याबाई? काऊन?"

"दवाखान्यात चांगली होती नं थे! तिथंच तिले रोग लागला. कशी निळी पडली होती, पाह्यलं नाही का तू? पुन्हा त्या सुयांत, त्या नळ्यांत कशी देऊ? बहिरी राहीन, पण जित्ती तं राहीन!"

"अवो, नुसते कान पाह्यनार होते! सुई नाही, नळी नाही!"

"हे मले कोनी सांगतलंच नाही," द्वारकाबाई पुटपुटल्या.

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. पद्मजानंसुद्धा नाही. एवढ्या महिन्यांत 'तपासणी' हा एकच शब्द ती बोलत आली होती, आणि त्या शब्दाला म्हातारी किती भ्यायली होती ते तिला आत्ता कळलं. कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही. ती गोधडीपाशी बसली. खेळून थकलेली वनू तिथंच आडवी झाली होती, डोळे मिटत आले होते.

लग्नाला सहा वर्षं झाली, पण या घरात पद्मजाचा आवाज कधी चढला नव्हता.

"दहा महिने, आत्याबाई! दहा महिने खाल्ले तुमी माह्या पोरीचे!"

एवढी किंचाळली की गल्लीतली माणसं दारात आली. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर वनूला झोप लागत होती, ती लागली.