लिंबाच्या पानावरचं अंडं

लेन्स बसत नव्हती म्हणजे नव्हतीच. एक वेढा जायची, दुसऱ्याला अडायची, की ठमी तिला पुन्हा काढायची. सकाळपासून हाच खेळ. ठमी लग्नांचे व्हिडिओ करायची. तिच्या कामात आजवर ऐन वेळी दिवे गेले होते, नवरदेव रुसून बसले होते, पण कॅमेऱ्याला लेन्सच बसत नाही, ही तऱ्हा तिला नवी होती.

आणि आज उशीर करून चालणार नव्हतं. मावशीच्या खिडकीत कुंडीतल्या लिंबाच्या पानावर फुलपाखराचं एक अंडं होतं, मोहरीएवढं. काल पिवळं होतं, आज काळपट पडलं होतं. काळं पडलं की फुटायला फार वेळ लागत नाही, हे मावशीचं शास्त्र. मावशी आणि काकांनी उभा जन्म फुलपाखरांचे फोटो काढण्यात घालवला. अळ्या झाल्या, कोष झाले, पंख झाले. अंडं फुटताना मात्र मावशीला एकदाही सापडलं नव्हतं. चहा टाकायला उठावं आणि नेमकं तेव्हाच फुटावं, मेलं! मग काका गेले, आणि त्यांच्यामागोमाग मावशीच्या डोळ्यांनीही संप पुकारला. नजरेचा मधला भाग गेला तो गेला, कडेकडेचं दिसतंय तेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे आता चोरासारखं बघायचं," मावशी म्हणाली होती. माणसाचं तोंड बघायचं तर तिला मान भलतीकडे वळवावी लागायची.

म्हणून हा सगळा घाट. काकांची जुनी लेन्स, ठमीचा व्हिडिओ कॅमेरा, दोघांची सोयरीक जुळवायला मध्ये अ‍ॅडॉप्टरची कडी, आणि तिथून वायरने चित्र थेट टीव्हीवर. मोहरीचं कलिंगड होईल आणि मावशी टीव्हीपाशी बसून कडेच्या नजरेने बघेल. मोबाईलवर करून पाहिलं तर नुसता धुरकट ठिपका आला. काकांची ही लेन्स मात्र मुंगीच्या पायावरचे केस दाखवायची. ती चढवायचं काम काकांचं, मावशी झाड धरायची.

"जोर लाव की जरा," मावशी म्हणाली.

"जोर लावून मोडू का? आटे चढत नाहीयेत."

ठमीने आटे ब्रशने घासले. तेलाचं बोट लावून पाहिलं. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, माप बरोबर आहे, अ‍ॅडॉप्टर नवाकोरा आहे, तुमचीच लेन्स म्हातारी आहे. मग तिने लेन्सचं बूड उजेडाकडे धरलं, तेव्हा एका जागी आटे चेपलेले दिसले. कधीतरी आपटली असणार. तिने पिशवीतून कानस काढली.

"काय काढलंस?"

"कानस. चेपलेलं घासून टाकते. पण मावशी, कीस आत गेला तर लेन्स कायमची जाईल. तेलही गेलं आणि तूपही गेलं."

मावशी म्हणाली, "घास. लेन्स जपून मी काय करू? मला एकदा ते बघायचंय गं."

घासण्याआधी ठमीने लेन्स फडक्याने नीट पुसून घेतली, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. बुडाकडच्या आट्यांत वाळलेलं तेल आणि धूळ भरलेली; तिथे कित्येक वर्षांत काही चढलंच नव्हतं. पुढच्या काठावरचे आटे मात्र वापरून वापरून उजळलेले, काळा रंग जाऊन खालचं पितळ दिसत होतं. कॅमेऱ्याशी रोजचा संबंध कोणाचा होता, ते पितळच सांगत होतं की!

"मावशी! काका ही उलटी लावायचे! तोंड कॅमेऱ्याकडे आणि बूड फुलपाखराकडे! म्हणून तर मुंगीच्या पायावरचे केस दिसायचे!"

"काय सांगतेस?" मावशी आधी चकित झाली, मग खो खो हसायला लागली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! जन्मभर शेजारी उभी होते मी. पण मी आपली पानाकडेच बघत असायचे."

उलटी लावायची काकांची कडी जुन्या कॅमेऱ्याबरोबर कुणाला तरी देऊन टाकलेली. ठमीने कॅमेरा एका जाडजूड पुस्तकावर ठेवला, लेन्स उलटी करून अ‍ॅडॉप्टरच्या कडीवर दाबली, फटीतून उजेड शिरू नये म्हणून भोवती काळी चिकटपट्टी गुंडाळली. पट्टीला काही वजन पेलेना. मग डाव्या हाताने लेन्स दाबून धरायची आणि उजव्याने, चित्र स्पष्ट होईपर्यंत, पुस्तक केसभर पुढेमागे सरकवायचं. आणखी एक गंमत झाली. वायर जोडल्याबरोबर कॅमेऱ्याचा स्वतःचा पडदा बंद झाला, आणि टीव्ही होता ठमीच्या पाठीमागे.

"आता तुलाच सांगावं लागणार, मावशी. मला काही दिसत नाहीये."

"वा! आंधळीने वाट दाखवायची!" असं म्हणत मावशीने खुर्ची टीव्हीला टेकवली. "पुढे घे. अगं, रेड्यासारखी नको, हळू. आता जरा मागे... थांब! थांब, थांब."

ठमी थांबली.

"मावशी?"

"केवढं आहे गं हे," मावशी हळू आवाजात म्हणाली. "आत डोकं दिसतंय. काळं. हलतंय... कुरतडतोय सुरवंट आतून! भोक पडलं. ठमे, जबडा दिसतोय मला, जबडा!"

ठमीच्या डोळ्यांसमोर पानावरचा तोच ठिपका होता, मुका, मोहरीएवढा. आणि पाठीमागे ज्या बाईला तिचा चेहरासुद्धा धड दिसत नव्हता, ती जगाचं दार उघडताना बघत होती.

"डोकं बाहेर आलं. अंगभर केस आहेत त्याला, ओले. दमलाय बिचारा, थांबलाय. अगं, तू बघ ना! मान वळव जराशी!"

मान वळवली असती तर खांदा हलला असता, खांद्याबरोबर हात, आणि हात हलला की पडद्यावर नुसता धूर. ठमीच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, मनगट ठणकत होतं. बघायचा मोह असा झाला की डोळ्यांत पाणी आलं. तिने मान वळवली नाही.

"तू बघ. मला सांग."

"सगळा बाहेर आला! आता वळलाय... अगं बाई, कवच खातोय! ज्या घरात राहिला तेच मटकावतोय. नाही ठेवला बघ, एक तुकडाही नाही ठेवला." मावशी हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "हे आजवर होत आलं, ठमे. रोज, आपल्या खिडकीत. आणि आपण चहा टाकत होतो."

बऱ्याच वेळाने ठमीने हात सोडला. बोटं उघडेनात. वायर काढून, झालेलं रेकॉर्डिंग बघायला तिने बटण दाबलं. पडद्यावर काहीच नव्हतं. रेकॉर्डिंग सुरूच केलं नव्हतं. लग्नात सप्तपदीची सुरुवात कधी चुकली नव्हती, आणि आज!

"मावशी, काहीच नाही गं उरलं. मी मूर्ख आहे."

मावशी हाताने टेबल चाचपत आली आणि ठमीची आखडलेली बोटं आपल्या हातात घेऊन चोळायला लागली.

"उरलं नाही कसं? मी काय मेले? बस इथे. आधी ना, ते काळं डोकं नुसतं थरथरत होतं..."