लार्यो खांबावरून उतरतो

"विश्वास कोणाचाच बसणार नाही, म्हणून मी हे कोणाला सांगत नाही," असं म्हणून सिंडोने पान्हा खाली ठेवला आणि नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. "मी उडणारा जनरेटर पाहिलाय, मानाय. चालू जनरेटर. बल्बसकट."

"आधी माझा जमिनीवरचा बसव," मानाय विसिंग म्हणाली. "वादळ परवा येतंय. फ्रीजरमध्ये तीनशे किलो मासळी आहे. ती सडली तर तिच्यातच तुला पुरीन."

सिंडो सत्तरीला टेकला होता. फिलिपिन्समधल्या कातांदुआनेस बेटाच्या त्या किनाऱ्यावर कोणाच्याही घरामागे जनरेटर धडधडू लागला, की समजावं, हे सिंडोच्या हातचं. विसिंगला जसं 'मानाय', म्हणजे थोरली बहीण, तसं तोंडावर सगळे त्याला 'मानोय', म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. पाठ वळली की थापाड्या.

सकाळपासून दोघांचं वाजत होतं. विसिंगला यंत्र स्वयंपाकघरात हवं होतं, बाळयेशूच्या देव्हाऱ्याखाली.

"बाहेर ठेवला तर चोरतील, मानोय. आत देवाची नजर राहील."

"ह्याच्या धुरात एक विष असतं. त्याला ना रंग, ना वास. माणूस जांभई देतो, आडवा होतो, आणि मग शेजारी दार फोडतात. देव्हाऱ्यातला उठेल तिसऱ्या दिवशी. तू नाही उठायचीस."

विसिंगने छातीवर क्रूस काढला आणि हसू दाबलं. शेवटी यंत्र बाहेरच बसलं. खिडक्यांपासून वीस पावलांवर सिमेंटचा चौथरा, चार बोल्ट, वर पत्रा, चारही बाजू मोकळ्या. शेजारी अर्थिंगची तांब्याची सळई सिंडोने स्वतः ठोकली. पुरुषभर लांबीची ती सळई ओल्या जमिनीत वीतभर उरेपर्यंत गेली.

मग विसिंगने कोंबडा आणला. नवं घर असो, होडी असो की ट्रक, त्या किनाऱ्यावर पहिलं रक्त कोंबड्याचं. म्हणजे वस्तू पुढे माणसाचं मागत नाही. विसिंगने इंजिनाच्या चारही कोपऱ्यांना रक्ताचं बोट लावलं. दिवसभर तोंड न मिटणारा सिंडो टोपी काढून गप्प उभा राहिला.

कोंबड्याची पिसं काढायला लुमेंग बसली. ती विसिंगची शेजारीण. नवरा लार्यो वीजमंडळात तारा जोडायचा. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. आता थोरला मुलगा त्याच खांबांवर चढतो.

"आता फक्त घराला जोडणारा खटका बसवायचा राहिला," सिंडो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत होईल."

"उद्या कशाला?" विसिंगने फडताळातून काळ्या वायरचं वेटोळं काढलं. दोन्ही टोकांना पिना. "एक टोक जनरेटरमध्ये, एक भिंतीत. सगळं घर उजळतं. तूच तर करून दिली होतीस आमच्या ह्यांना."

सिंडोने त्या वायरकडे पाहिलं. अशा सतरा वायरी त्याने केल्या होत्या, त्या काळात, हुशारी म्हणून. सोळा त्याने घरोघर फिरून परत मिळवल्या होत्या. कोणाला हसवून, कोणाच्या हातापाया पडून.

"ती दे मला."

"आणि वादळात तुझा खटका नाही झाला तर? मासळी तू भरून देणार?"

सिंडो पायरीवर बसला.

"उडणाऱ्या जनरेटरचं ऐक. मग तू ठरव. मोठ्या वादळात शाळेचं छप्पर गेलं ना, त्याच्या मागोमाग शाळेचा जनरेटर उठला. चालू! वर एक कोंबडा, पाय रोवून. नारळांच्या शेंड्यांवरून खाडीकडे गेला. मागे लोंबणारा बल्ब पेटलेला. बल्ब खाली आला तशी मासळी दिवस उजाडला समजून वर आली. पाद्रीबाबा पावसात गुडघ्यांवर बसले. मीही बसलो. देवा, म्हटलं, एवढ्याशा लोखंडात एवढं काय भरलंयस!"

"आणि कोंबडा?" विसिंगने विचारलं.

"त्याने उतरल्यावर अंडं घातलं."

विसिंग खो खो हसली. लुमेंग पिसं उपटत राहिली.

"तिसऱ्या दिवशी," सिंडोचा आवाज खाली आला, "तारा मेल्या होत्या. लार्यो खांबावर चढला. खाली एका घरात कोणीतरी अशीच वायर भिंतीत खुपसली. घरातली वीज घरात थांबली नाही, मानाय. भिंतीतून तारेवर चढली, तारेवरून खांबावरच्या डब्यात गेली. तो डबा इकडे येताना सात हजार व्होल्टांचे दोनशे वीस करतो. उलटी गेली की दोनशे विसाचे सात हजार."

विसिंगचं हसू थांबलं. तो दिवस गावाला माहीत होता. लार्योला चौघांनी दोर लावून खाली घेतलं होतं. चौघांत एक सिंडो. वायर कोणत्या घरातली, ते कधीच कळलं नाही. बनवणारा कोण, ते सगळ्यांना माहीत होतं.

पण सिंडो ही गोष्ट दरवर्षी सांगायचा, आणि तिच्यात लार्यो अकरा वर्षं खांब उतरत होता. पहिल्या वर्षी त्याने नुसता एक हात सोडवला. मग निम्म्यावर आला. गेल्या जत्रेला त्याचा पाय शेवटच्या खुंटीवर होता.

"लार्यो असा झळाळला," सिंडो म्हणाला, "की भर उन्हात त्याची सावली चारी बाजूंना पडली. पिलीच्या झाडावर ते बदामासारखे दाणे जागच्या जागी भाजले. आणि मग..." त्याने लुमेंगच्या हातांकडे पाहिलं. ते थांबले होते. "मग तो उतरला. एकेक खुंटी. जमिनीवर पाय टेकला. बाह्यांतून धूर निघतोय, आणि म्हणतो, सिंडो, घसा सुकला रे, कॉफी पाज. तीन पेले प्यायला. काळी. माझ्यासमोर, ह्याच पायरीवर."

समोरचा समुद्र तेलासारखा गुळगुळीत पडला होता. वादळाआधी तो असाच असतो.

विसिंगने वेटोळं उचललं आणि सिंडोच्या मांडीवर ठेवलं.

"उद्या दुपारपर्यंत," ती म्हणाली. "त्या खटक्याने माझी वीज माझ्या उंबऱ्याच्या आतच राहील ना?"

"एक तर गावाची, नाहीतर तुझी. दोन्ही एकदम कधीच नाहीत."

सिंडोने पक्कड काढली. एक पिन तोडली. दुसरी तोडली. दोन्ही खिशात टाकल्या.

लुमेंगने पुन्हा कोंबडा हातात घेतला. मान वर केली नाही.

"खोटं," ती म्हणाली. "लार्यो कॉफीला कधी शिवला नाही. भाजक्या तांदळाचं पाणी प्यायचा. बिनसाखरेचं."